उशाशी पाण्याचा पेला ठेवल्याशिवाय झोप येत नाही. ही धास्ती कशी आवरावी?

वसमतची शिक्षिका

नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातील वसमत येथे राहते आणि जवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी आमच्या भागात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांतच दुसरा, थोडा सौम्य धक्का बसला, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. मी त्या वेळी ओट्याशी चहा गाळत होते. मांडणीवरची भांडी वाजू लागली, गाळणीतला चोथा हातावर सांडला, आणि मुलीला अंथरुणातून ओढत मी अंगणात कशी पोहोचले, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. आमच्याकडे कोणाला काही इजा झाली नाही. भिंतीला केसाएवढी चीर दिसली, तीही बहुधा जुनीच असावी. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सातच्या सुमारास पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला. पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गडगडाट ऐकू येतो, हे आम्हाला पूर्वीपासून ठाऊक आहे, त्यामुळे गल्लीतले लोक चार दिवस बोलले आणि आपापल्या कामाला लागले.

मी मात्र त्यातून बाहेर आले नाही. रोज रात्री मी उशाशी एका स्टुलावर स्टीलचा पेला काठोकाठ भरून ठेवते आणि दिवा मालवण्यापूर्वी त्यातले पाणी हलते आहे का, ते पाहते. रात्री जाग आली की मोबाइलच्या उजेडात पुन्हा पाहते. पाणी स्थिर दिसले की बरे वाटते, पण ते बरे वाटणे पाव तासही टिकत नाही. पहाटे साडेपाचला न चुकता जाग येते आणि सव्वासहा वाजून जाईपर्यंत मी अंथरुणावर बसून राहते. आता ही भीती भूकंपापुरतीही राहिलेली नाही. यजमान नांदेडला नोकरीला आहेत. त्यांचा फोन दोनदा लागला नाही की माझ्या हातापायांना मुंग्या येतात. एकदा एसटीमध्ये छातीत इतके धडधडले की मी मध्येच उतरले. एका रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष आला. डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' असे सांगून झोपेची गोळी लिहून दिली. ती मी महिनाभर घेतली आणि नंतर घाबरून बंद केली. सासूबाईंनी दृष्ट काढली, आम्ही सर्वजण औंढा नागनाथाला जाऊन आलो. त्या दिवशी मन शांत होते, हे मी नाकारत नाही.

हे सर्व इथे लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. माझी मुलगी आठवीत आहे. गेल्या आठवड्यात तिने सकाळी डोळे चोळत मला पहिला प्रश्न विचारला, "आई, पाणी हललं का?" तो प्रश्न ऐकून मला माझीच लाज वाटली. माझे मन मुळातच कच्चे आहे का? ते खंबीर करता येते का, आणि येत असल्यास नेमके काय करावे? 'विचार करू नको' एवढे सोडून कृपया काहीही सांगावे.

मनोबल

ताई, भीती ही मनाची दुर्बलता आहे आणि दुर्बलता अभ्यासाने जाते. पहाटे जाग येतेच आहे तर अंथरुणावर बसून राहण्याऐवजी चारला उठून अर्धा तास प्राणायाम आणि अर्धा तास नामस्मरण करावे, मोबाइलवरच्या बातम्या पूर्णपणे बंद कराव्यात आणि गोळ्यांच्या नादी मुळीच लागू नये. मला स्वतःला याचा लाभ झाला आहे. जे व्हायचे ते होणारच, मग चिंता कशासाठी करायची?

निवृत्त परिचारिका

ताई, मी मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात बरीच वर्षे काम केले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे माझे लिहिणे हे उपचार समजू नये. मात्र तुमच्यासारखी माणसे मी शेकड्यांनी पाहिली आहेत आणि त्यांतील बहुतेक सावरलेलीही पाहिली आहेत.

वरील सदस्यांच्या नामस्मरणाविषयी माझा काही आक्षेप नाही, परंतु 'दुर्बलता' हा शब्द मला मान्य नाही. तुमच्या शरीरातली धोक्याची घंटा एकदा खऱ्या कारणाने वाजली आणि तेव्हापासून ती नको तितकी हळवी होऊन बसली आहे, एवढेच घडले आहे. संकटाच्या क्षणी शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीत कसे जाते, याचे वर्णन वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली केले होते. अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय जोराने चालते, स्नायू ताठतात आणि श्वास भरभर होतो. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. यजमानांचा फोन लागला नाही की तुम्हाला येणाऱ्या मुंग्या बहुधा याच आहेत. एसटीचे म्हणाल, तर थांब्यावर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन चालू राहिले की बाके, खिडक्या, पायाखालचा पत्रा सगळे कसे थरथरते, ते आठवून पाहा. तुमच्या शरीराने त्या थरथरीचा अर्थ आपल्या परीने लावला आणि तुम्ही उतरलात. असा झटका काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि पुढच्या अर्ध्या तासात बहुधा आपोआप ओसरतो. परंतु तुम्ही मध्येच उतरल्यामुळे तो गाडीतही ओसरला असता, हे पाहण्याची संधी तुमच्या मनाला मिळाली नाही.

आता पेल्याविषयी. पाणी स्थिर दिसल्यावर तुम्ही जो सुटकेचा श्वास सोडता, त्याचीच मनाला चटक लागते. 'आज वाचलो, कारण आपण पाहिले' असा हिशेब ते नकळत मांडते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पाहायला लावते. पेला भूकंप थांबवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरीही सुटका करण्याचे श्रेय त्यालाच मिळत राहते. यावर आमच्याकडे जी पद्धत वापरतात ती दिसायला अगदी साधी आहे आणि करायला कठीण. भीती वाटणाऱ्या गोष्टींची शिडी लिहून काढायची आणि सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात करायची. तुमच्या बाबतीत पहिली पायरी पेला काढून टाकण्याची नको. तो भरून ठेवा, पण जाग आल्यावर लगेच न पाहता दहा मिनिटे थांबा आणि त्या दहा मिनिटांत भीतीला शून्य ते दहा यांपैकी किती गुण द्याल, ते वहीत दर दोन मिनिटांनी लिहा. आकडा सुरुवातीला चढेल, तेव्हा तुम्हाला माझा रागही येईल, परंतु तो कायम वर राहत नाही, हे तुमच्याच अक्षरात तुम्हाला दिसेल. ते जमले की पेला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, मग दुसऱ्या खोलीत, मग अर्धाच भरा. एका पायरीवर कंटाळा येऊ लागला की पुढची पायरी चढायची. कंटाळा हे इथे फार चांगले लक्षण आहे.

थांबण्याच्या त्या वेळात श्वास मोजायचा असल्यास आत घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्या. चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पण श्वास मोजणे हाही दुसरा पेला होऊ देऊ नका. 'श्वास मोजला म्हणून वाचले' असे वाटू लागले, तर तेही सोडून द्यावे लागेल.

हृदयाचा आलेख झाला हे चांगलेच, पण थायरॉइड आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी केली आहे का? थायरॉइड अधिक काम करू लागले तर धडधड, घाम, हातांची थरथर आणि अस्वस्थता हुबेहूब अशीच दिसते. दिवसाकाठी चहा किती कप होतो, तेही प्रामाणिकपणे मोजा. आपल्याकडे शाळेत दोन, घरी तीन आणि पाहुण्यांबरोबर एक असा हिशेब सहज होतो. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. ते सहसा गेल्या दोन आठवड्यांविषयी सात प्रश्नांची एक छोटी चाचणी घेतात. तिचे एकूण गुण २१ असतात आणि १० किंवा त्यापुढे गेल्यास सविस्तर तपासणी करावी, असा संकेत आहे. औषध द्यावे लागलेच, तर चिंतेवर दीर्घकाळ देण्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता किंचित वाढूही शकते. हे आधी न सांगितल्यामुळे कितीतरी लोक आठव्या दिवशी गोळी फेकून देतात. झोपेच्या आणि तात्काळ शांत करणाऱ्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते. त्या थोड्या दिवसांसाठीच द्यायच्या असतात आणि नियमित घेतल्या असतील तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. गोळ्यांच्या 'नादी लागू नये' असे सरसकट सांगणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा, ही नम्र विनंती.

आणि मुलीविषयी. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. त्यांतील जी मुले दारिद्र्य, आजारपण, घरातली भांडणे अशा अनेक अडचणींत वाढली, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश मुले मोठेपणी समर्थ आणि जबाबदार माणसे झाली. त्या मुलांच्या आयुष्यात निदान एक तरी मायेचे, भरवशाचे मोठे माणूस होते, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसले. त्या माणसाला कधीच भीती वाटत नव्हती, असे कोणी म्हटलेले नाही. मुलीपासून पेला लपवू नका. 'मला भीती वाटते, पण मी आज दहा मिनिटे थांबले' हे तिला सांगा आणि वही तिच्या हातात द्या.

पुनर्वसित गावातील एक

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी दुकान उशिरा उघडून हे लिहीत आहे. मी लोहारा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे गाव थकून झोपले होते. आमच्याकडची घरे दगडमातीच्या जाडजूड भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद असलेली. ती माणसांवरच बसली. सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यांत आमच्या घरातली दोन होती. त्याविषयी मी इथे अधिक लिहीत नाही.

मला सांगायचे आहे ते माझ्या वडिलांविषयी. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली, त्यांत आमचेही गाव होते. नवे घर भूकंपरोधक होते, इंजिनियर येऊन लोखंड दाखवून गेले होते, तरीही वडील स्लॅबखाली झोपायला तयार नव्हते. त्यांनी दारासमोर चार बल्ल्या रोवून वर पत्रे टाकले आणि ते तिथेच झोपू लागले. पावसाळ्यात अंथरूण भिजायचे, हिवाळ्यात दात वाजायचे, पण ते आत येत नसत. आम्हा मुलांनाही आत झोपू देत नसत. अशी दोन वर्षे गेली. गावात असे करणारे ते एकटे नव्हते, त्यामुळे त्याला कोणी आजार म्हटले नाही, आणि खरे सांगायचे तर कोणी उपचारही केला नाही.

मार्ग काढला तो आजीने. तिचा एक मुलगा आणि एक नात त्या पहाटे गेली होती, म्हणजे घाबरण्याचा अधिकार कोणाला असेलच तर तो तिला होता. एका थंडीच्या रात्री तिने आपली वाकळ उचलली आणि ती आत जाऊन भिंतीशी झोपली. वडील ओरडले, तेव्हा ती आतूनच म्हणाली, "आता काय यायचं ते कुठंबी येतंय. तू भायेर थंडीनं मरशील आधी." वडील त्या रात्री आत आले नाहीत. पण आई एकटी आत आहे, हे त्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी आपले अंथरूण उंबऱ्यापाशी ओढले. डोके बाहेर आणि पाय आत, असे ते कित्येक रात्री झोपले. मग एका रात्री पाय बाहेर आणि डोके आत. नंतर ते पूर्ण आत आले, पण दार सताड उघडे ठेवून. मांजरे, कुत्री, वारा सगळे आत येई. दार लोटून घेतले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती आणि कडी लावायला पुढचा पावसाळा उजाडला. सिस्टरांनी लिहिलेली शिडी वाचताना मला तो उंबराच दिसत होता. आमच्या आजीला ही पद्धत कोणी शिकवली नव्हती, पण तिने वडिलांना ढकलले नाही, चिडवले नाही आणि त्यांच्यासाठी आपले अंथरूण पुन्हा बाहेरही आणले नाही. माझ्या मते यांतली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे.

वडील त्यानंतर अगदी निर्भय झाले, असे समजू नका. अवजड ट्रक रस्त्याने गेला तर आजही ते ताटावरून मान वर करून छताकडे बघतात आणि पुन्हा जेवू लागतात. मात्र माझ्या चुलत्यांचे असे झाले नाही. ते झोप लागावी म्हणून पिऊ लागले. प्यायल्यावर रात्र जायची आणि सकाळी हातपाय अधिकच कापायचे, म्हणून पुन्हा प्यायचे. तेही त्याच गावातले, त्याच भूकंपातून वाचलेले. म्हणून कोणी 'संकटाने माणूस घडतो' असे म्हणू लागला, की मी तिथून उठून जातो. वडिलांना आजी होती, संध्याकाळी पारावर तेच तेच बोलणे न कंटाळता ऐकणारी पाच-सात माणसे होती आणि दुसऱ्या दिवशी पेरायला रान होते. चुलते सगळ्यांपासून तुटत गेले, आणि आम्हीही त्यांना तुटू दिले.

वसमतची शिक्षिका

दोघांचेही आभार कसे मानावेत, ते कळत नाही. आजींचे वाचताना डोळ्यांत पाणी आले. पण एक शंका मनातून जात नाही, ती विचारते. लोक मला 'आपल्याकडचे धक्के लहान आहेत' असे सांगतात. किल्लारीच्या भागातही आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, असेच लहान धक्के बसत होते, असे मी वाचले आहे. मग लहान धक्क्यांनी निश्चिंत कसे व्हायचे? माझी भीती अगदीच निराधार आहे, असे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

भूगोलाचे सर

आपण वाचलेले खरे आहे. १९९२ मध्ये त्या भागात धक्क्यांची मालिका जाणवली होती. परंतु हेही तितकेच खरे आहे की जगात कितीतरी ठिकाणी लहान धक्के बसतात आणि त्यांच्यामागून मोठा भूकंप येत नाही; कोणती मालिका कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ओळखण्याची विद्या आज कोणापाशीही नाही. भूकंपाचा दिवस आणि वेळ सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात, ते निखालस खोटे असतात. तीव्रतेचा एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. या हिशेबाने ६.२ तीव्रतेच्या किल्लारीच्या भूकंपात आपल्याकडील ४.५ च्या धक्क्याच्या साडेतीनशे पटींहून अधिक ऊर्जा होती. ही तुलना आपल्याला धीर देण्यासाठी सांगतो आहे, हमी देण्यासाठी नव्हे.

म्हणून मी शाळेत मुलांना सांगतो ते येथेही सांगतो. एका रविवारी दोन तास काढावेत. उभे कपाट भिंतीला पट्टीने जखडावे, अंथरुणाच्या वरच्या फळीवरचे हंडे-कळशा खाली उतरवाव्यात, विजेरी ठरलेल्या जागी ठेवावी, धक्का बसल्यास मजबूत टेबलाखाली बसून डोके झाकायचे आणि थांबल्यावर बाहेर पडायचे, हे मुलीबरोबर एकदा करून पाहावे, आणि ती चीर एखाद्या जाणत्या अभियंत्याला दाखवावी. हे एकदा करण्याचे काम आहे. ते झाले की त्या विषयात करण्यासारखे काही उरत नाही, आणि उरलेली अनिश्चितता तशीच घेऊन झोपावे लागते. आम्हीही तशीच घेऊन झोपतो.

कोरडवाहू

इथले सर्व वाचले. भूकंप दोन वर्षांतून एकदा येईल किंवा येणारही नाही. आमच्याकडे काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहून शेंगेतच कोंब फुटतात, आणि त्याच आठवड्यात सोसायटीचा आणि सावकाराचा निरोप येतो. रात्री दोनला जाग येते ती येतेच. माझी चिंता खोटी घंटा नाही, ती खरी आहे. मुलीचे लग्न ठरले आहे. शिडी लिहा, श्वास मोजा, हे ज्यांचा पगार एक तारखेला होतो त्यांना शोभते. राग मानू नये. कधी कधी वाटते की एकदाचे सगळे संपवावे म्हणजे घरच्यांची तरी सुटका होईल.

निवृत्त परिचारिका

दादा, राग मुळीच मानला नाही, आणि तुमचे म्हणणे बरोबर आहे. तुमची अडचण श्वास मोजून सुटणार नाही. पण शेवटचे वाक्य तुम्ही ज्या सहजतेने लिहिले आहे, त्याच्याविषयी आधी बोलू. असा विचार मनात येतो, तेव्हा तो खरा तोडगा वाटतो. झोप नसलेल्या आणि थकलेल्या मेंदूला दुसरा मार्ग दिसेनासा होतो, हे त्याचे कारण असते. आज एवढे करा. फवारणीचे औषध घरात किंवा गोठ्यात असेल तर ते शेजारी किंवा भावाकडे कुलपात ठेवायला द्या; ती उबळ पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळी हाताशी काही नसले तर माणूस वाचतो, हे मी वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिले आहे. दुसरे, १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. शासनाने तो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केला आहे, तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. रात्री दोनला जाग येते ना, दोनलाच लावा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथेही जा. आणि घरात एका माणसाला तरी हे वाक्य जसेच्या तसे सांगा. ज्यांची सुटका होईल असे तुम्हाला वाटते, त्यांना एकदा विचारून तर पाहा.

कर्जाची आणि लग्नाची चिंता रात्री दोनला सोडवायची नसते, कारण त्या वेळी ना बँक उघडी असते ना पाहुणे जागे असतात. संध्याकाळी दिवेलागणीनंतर वीस मिनिटे ठरवून घ्या, घरातल्या एकाला समोर बसवा आणि वहीत लिहा: कोणाचे किती देणे, कोणाशी बोलायचे, उद्या त्यातले कोणते एक काम होऊ शकते. रात्री तेच विचार आले की 'हे वहीत आहे, उद्या संध्याकाळी पाहू' असे म्हणायचे. याने कर्ज फिटत नाही. पण झोप थोडी परत येते, आणि झोपलेला माणूस सावकारासमोर जागलेल्या माणसापेक्षा नीट बोलतो.

पुनर्वसित गावातील एक

कोरडवाहू दादा, मी तुम्हाला वैयक्तिक संदेशात माझा क्रमांक पाठवला आहे. माझे दुकान आठला उघडते, तोवर मी रिकामा असतो. चुलत्यांच्या वेळी आम्ही उशीर केला होता. फोन करा, किंवा मीच करतो.

कोरडवाहू

संदेश मिळाला. औषधाचे दोन डबे होते, ते चुलत भावाकडे नेऊन दिले. त्याने काही विचारले नाही, पण तो रात्री आमच्याकडेच जेवायला थांबला. सकाळी फोन करतो.

वसमतची शिक्षिका

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे. थायरॉइडची तपासणी झाली, ती ठीक आहे; हिमोग्लोबिन मात्र ९.४ निघाले, त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. मनोविकारतज्ज्ञांच्या चाचणीत १४ गुण आले. त्यांनी एक गोळी दिली आहे आणि दर पंधरवड्याला समुपदेशनासाठी बोलावले आहे. पहिले सहा दिवस खरोखरच अधिक अस्वस्थ वाटले; सिस्टरांनी आधी सांगितले नसते तर मीही सातव्या दिवशी गोळी फेकून दिली असती. सरांनी सांगितल्याप्रमाणे कपाट जखडले. ते करताना यजमानांनी भिंतीत चुकीच्या जागी छिद्र पाडले, त्यामुळे आता चीर एक आणि छिद्रे तीन झाली आहेत. एसटीने अजून एकटी गेलेले नाही. ती पायरी वर आहे.

वहीतले आकडे मुलगी लिहिते. पहिल्या रात्री ८, ९, ९, ७, ६ असे होते, परवा ५, ५, ३, ३ आणि चौथ्या आकड्यानंतर ती स्वतःच झोपून गेली होती. पेला आता स्वयंपाकघरात ओट्यावर असतो. दोन रात्री मी उठून तिथवर जाऊन पाहून आले, हे कबूल करते. तिसऱ्या रात्री उठले, तेव्हा तहान लागली होती म्हणून त्यातले पाणी पिऊन टाकले, आणि पुन्हा भरायचे राहूनच गेले.